दाब, तापमान आणि पदार्थाच्या अवस्था: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून येत राहतात. काही नववी-दहावीच्या मुलांचे आहेत, काही त्यांच्या आईवडिलांचे, काही बागायतदारांचे, आणि हिवाळ्यात महाबळेश्वरला जाऊन आलेल्यांचे तर हमखास. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. ज्याचं उत्तर दुसरीकडे आलं आहे तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. तापमान सगळीकडे सेल्सिअसमध्ये आहे. दाब बारमध्ये आहे. समुद्रसपाटीवर हवेचा दाब साधारण १ बार असतो एवढं माहीत असलं तरी पुरे.

१. अवस्था तापमानामुळे बदलते असं आम्ही शिकलो. त्यात दाब कुठून आला?

तापमान वाढलं की रेणूंची धडपड वाढते आणि ते एकमेकांपासून सुटायला बघतात. बाहेरचा दाब त्यांना सुटू देत नाही. दोघांपैकी कोण वरचढ ठरतं यावर पदार्थ द्रव राहणार की वायू होणार हे ठरतं.

दाबाचा जोर सगळीकडे सारखा नसतो. १ किलो पाण्याची १०० अंशांना वाफ झाली की ती सुमारे १,६७० लिटर जागा मागते. एवढी जागा मागणाऱ्याला बाहेरच्या दाबाशी झगडावंच लागतं, म्हणून द्रव आणि वायू यांच्यातल्या बदलात दाबाला फार महत्त्व. स्थायूचा द्रव होताना आकारमान जेमतेम बदलतं, तिथे रोजच्या व्यवहारातल्या दाबाला कोणी विचारत नाही. खालच्या बहुतेक उत्तरांच्या मुळाशी हाच भेद आहे.

२. पाणी १०० अंशांना उकळतं, हे साताऱ्यात खरं आहे का?

नाही. १०० हा आकडा समुद्रसपाटीचा. द्रवाच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला की उकळी फुटते. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून उकळी लवकर. ढोबळ हिशेब असा, की दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू साधारण १ अंशाने उतरतो.

सांगली शहर साधारण ५५० मीटर उंचीवर आहे, तिथे पाणी ९८ अंशांच्या थोडं वर उकळतं. सातारा शहरात साडेसत्त्याण्णवच्या आसपास. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या घरात, तिथे साडेपंचाण्णव. एव्हरेस्टच्या माथ्यावर ७१ च्या आसपास. तेव्हा प्रयोगवहीत एखाद्या मुलाने उत्कलनबिंदू ९७.५ लिहिला, तर त्याचे गुण कापण्याआधी शाळा कुठे आहे ते बघावं. १०० लिहिणाऱ्याने तापमापी बघितलीच नसण्याची शक्यता जास्त.

३. कमी दाबाला पाणी लवकर उकळतं, हे घरी दाखवता येईल का?

येईल. सुई नसलेली २० मिलिलिटरची सिरिंज घ्या. पाणी एकदा उकळून ६०-७० अंशांपर्यंत निवू द्या. सिरिंज पाव भरा, आतली हवा बाहेर ढकला, तोंड टोपणाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या जोरात मागे ओढा. पाणी खळखळून उकळेल. दट्ट्या सोडला की उकळी बंद.

पाणी आधी उकळून घ्यायचं एक कारण आहे. नळाच्या ताज्या पाण्यात हवा विरघळलेली असते. दट्ट्या ओढल्यावर तीही बुडबुड्यांनी बाहेर येते आणि उकळी फुटल्याचा भास होतो. अशा प्रयोगांच्या पुष्कळ व्हिडिओंत दिसते ती हीच हवा. पाणी गरम आहे, तेव्हा मोठं माणूस जवळ असू द्या.

४. द्राक्षं शेडमध्ये नुसती वाळून बेदाणा होतो. पाणी न उकळता उडतं कसं?

उकळणं ही द्रवाच्या आतून होणारी क्रिया, बाष्पीभवन फक्त पृष्ठभागावरून होतं. पृष्ठभागावरचे चपळ रेणू कुठल्याही तापमानाला निसटत असतात, त्यासाठी हवेच्या एकूण दाबावर मात करावी लागत नाही. हवेत आधीच किती वाफ आहे तेवढंच बघावं लागतं. म्हणून तासगाव-कवठेमहांकाळकडच्या शेडमध्ये उन्हाइतकंच कोरड्या वाऱ्याला महत्त्व आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये ढगाळ, दमट हवा आली की बागायतदाराच्या पोटात गोळा येतो तो याचमुळे. तापमान फारसं उतरलेलं नसतं, पण हवा वाफ घ्यायला तयार नसते.

द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो, तो पाणी अडवून धरतो. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात मणी बुडवले की त्या थरातून पाण्याला वाट मिळते. अवस्थाबदल तोच राहतो, वेग वाढतो.

५. पाणी उकळायला लागल्यावर गॅस मोठा केला तर पदार्थ लवकर शिजतो का?

उघड्या पातेल्यात नाही. जादा उष्णता तापमान न वाढवता वाफ करण्यात खर्च होते, तिलाच अप्रकट उष्मा म्हणतात. १ किलो पाणी २५ वरून ९८ अंशांवर न्यायला सुमारे ३०५ किलोज्यूल लागतात. त्याच पाण्याची पूर्ण वाफ करायला २,२५० किलोज्यूलहून जास्त, म्हणजे सातपट. उकळी आली की आच बारीक करा.

६. कुकरमध्ये नक्की काय होतं? आणि महाबळेश्वरला कुकरसुद्धा हळू शिजवतो का?

शिट्टीचं वजन वाफेला अडवून धरतं. आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण १ बारने जास्त झाला की वजन उचललं जातं. एकूण दाब दोन बारच्या आसपास, म्हणून पाणी १२० अंशांच्या जवळपास जाऊन उकळतं. डाळ शिजते ती या वाढलेल्या वीसेक अंशांनी. शिट्ट्या मोजण्यापेक्षा पहिल्या शिट्टीनंतर बारीक आचेवर मिनिटं मोजणं जास्त बरोबर, पण हे स्वयंपाकघरात कोणी ऐकत नाही. डेनिस पापँ या फ्रेंच संशोधकाने असं झडपेचं भांडं १६७९ मध्ये केलं, हाडं मऊ करायला.

वजन 'बाहेरच्यापेक्षा' १ बार जास्त दाब धरतं. त्यामुळे महाबळेश्वरला आतला दाब थोडा कमी राहतो, पण तापमानात सांगलीच्या तुलनेत दीडेक अंशाचाच फरक पडतो. उघड्या पातेल्यात तोच फरक पावणेतीन अंशांचा असतो, आणि तिथे मुळात तापमानच कमी. उंचावर कुकर हवाच तो यासाठी.

वाफ असताना झाकण का उघडू नये, तेही आकड्यांत बघा. आत १२० अंशांचं १ लिटर पाणी आहे आणि दाब एकदम निघून गेला, तर ते पाणी ९८ अंशांवर येईपर्यंत त्यातलं सुमारे ४० ग्रॅम क्षणात वाफ होतं. ४० ग्रॅम म्हणजे जवळपास ७० लिटर वाफ, वर तिच्याबरोबर उडणारी डाळ.

७. गुऱ्हाळात रस उघड्या काहिलीत आटवतात, कारखान्यात बंद भांड्यात. फरक काय पडतो?

फरक दाबाचाच आहे. माझ्या मते या विषयाचं आपल्या भागातलं सर्वांत चांगलं उदाहरण हेच.

काहिलीवर हवेचा पूर्ण दाब असतो. रस सुरुवातीला पाण्यासारखा ९८-९९ अंशांना उकळतो. पाणी उडून साखरेचं प्रमाण वाढतं तसा पाण्याच्या रेणूंना निसटायला त्रास होतो आणि उत्कलनबिंदू चढत जातो. गूळ उतरवायच्या वेळी तो ११५ ते १२० अंशांच्या दरम्यान असतो. गुळव्या थेंबभर पाक गार पाण्यात टाकून बोटांनी चाचपतो, तेव्हा तो खरं तर किती पाणी उरलंय ते तपासत असतो, आणि उरलेलं पाणी व उकळतं तापमान यांचं नातं पक्कं आहे. चुलवाणात चिपाडं केव्हा कमी करायची हे त्याला थर्मामीटरविना कळतं ते यामुळे. या तापमानाला साखर थोडी करपते, थोडी तुटते. गुळाचा रंग आणि खमंगपणा त्यातूनच येतो.

कारखान्याला नेमका तोच रंग नको असतो. तिथे शेवटच्या टप्प्यात, ज्याला पॅन म्हणतात त्या भांड्यात, पोकळी करून दाब इतका उतरवतात की घट्ट पाकसुद्धा ६५-७० अंशांना उकळतो. पाणी जातं, साखर करपत नाही. पॅनमन काचेवर नमुना घेऊन दाणा बघत उभा असतो तो याच ठिकाणी.

त्याच्या आधीचा टप्पा आणखी हुशारीचा आहे. रस एकामागोमाग लावलेल्या भांड्यांतून जातो आणि प्रत्येक पुढच्या भांड्यात दाब कमी असतो. पहिल्या भांड्यात निघालेली वाफ दुसऱ्याला तापवते, कारण दुसऱ्यातला रस कमी तापमानाला उकळायला तयार असतो. दुसऱ्याची वाफ तिसऱ्याला. शेवटचं भांडं ५५ अंशांच्या आसपास उकळतं. चार भांडी असली की १ किलो वाफेत जवळपास ४ किलो पाणी उडतं. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या नॉर्बर्ट रिलिए यांनी याचं पेटंट १८४३ मध्ये घेतलं.

पोकळी कशी करतात? शेवटच्या वाफेवर गार पाणी फवारून. वाफेचं पाणी झालं की जागा दीड हजार पटींहून जास्त आकसते आणि दाब कोसळतो. कारखान्याच्या आवारात कारंज्यांसारखं पाणी उडताना दिसतं ते शोभेसाठी नसतं. या कामात गरम झालेलं पाणी तिथे निववतात.

८. विहिरीवरची मोटर वर ठेवली की पाणी ओढत नाही, आणि कधी कधी पंपात खडे पडल्यासारखा आवाज येतो. दोन्हींचं कारण एकच आहे का?

हो. पंप पाणी 'ओढत' नाही. तो सक्शन पाइपात दाब कमी करतो आणि बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. समुद्रसपाटीला हवा जास्तीत जास्त १०.३ मीटर पाणी उचलून धरू शकते, सांगलीच्या उंचीवर ९.७ मीटर, महाबळेश्वरला पावणेनऊ. त्यातून पाइपाचं घर्षण आणि फूटव्हॉल्व्हची (पाइपाच्या तळाच्या झडपेची) अडचण वजा करा. हातात सहा-सात मीटर उरतात. उन्हाळ्यात पाणी याच्या खाली गेलं की जास्त अश्वशक्तीची मोटर आणून उपयोग नाही, मोटर खाली उतरवा नाहीतर पाण्यात बुडणारी घ्या. मोठी मोटर आणून फसलेले पुष्कळ आहेत.

आवाज येतो तो पाणी उकळण्याचा. ३० अंशांचं पाणीसुद्धा दाब ०.०४ बारच्या आसपास आला की उकळतं. पंप ताणून चालला तर इम्पेलरच्या, म्हणजे पंपातल्या फिरत्या पात्यांच्या चाकाच्या, तोंडाशी दाब इतका पडतो, तिथे वाफेचे बुडबुडे होतात आणि पुढे दाब वाढला की ते फटकन मिटतात. मिटतानाचा धक्का इतका जबर असतो की धातूवर खड्डे पडतात. जुना इम्पेलर काढून बघा, पाती कुरतडल्यासारखी दिसतील. पाणी गार राहूनही धातू खाल्ला जातो, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. पंप बनवणाऱ्यांच्या भाषेत याला कॅव्हिटेशन म्हणतात.

९. गॅसच्या सिलिंडरमध्ये द्रव असतो, मग शेगडीला वायू कसा येतो? थंडीत ज्योत बारीक का होते?

घरगुती सिलिंडरमधला १४.२ किलो माल मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन यांचा. हवेच्या दाबाला प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला. म्हणजे मोकळे सोडले तर आपल्याकडे दोन्ही वायूच. सिलिंडरमध्ये वर वाफ साठते, तिचा दाब हवेच्या कित्येक पट होतो आणि त्या दाबाखाली उरलेला माल द्रव राहतो. तुम्ही वरची वाफ वापरली की दाब जरासा पडतो आणि खालून थोडा द्रव उकळून जागा भरतो. रेग्युलेटर हा दाब हवेपेक्षा जेमतेम ३ टक्के जास्त इतका उतरवून शेगडीला देतो.

उकळायला उष्णता लागते (प्रश्न ५), ती सिलिंडरच्या पत्र्यातून येते. भजीच्या गाड्यावर मोठी शेगडी सतत चालते तेव्हा सिलिंडरला घाम सुटतो, कधी खालचा भाग पांढरा पडतो, ते यामुळे. थंडीत वाफेचा दाब मुळातच कमी. त्यात हलका प्रोपेन आधी संपून शेवटी ब्युटेनचं प्रमाण वाढलेलं असतं, म्हणून संपत आलेला सिलिंडर पहाटे रडतो. त्याला गरम पाण्यात ठेवणं किंवा आडवा करणं हे दोन्ही उपाय धोक्याचे. आडव्या सिलिंडरमधून रेग्युलेटरकडे द्रवच जातो.

१०. मग ऑक्सिजनच्या सिलिंडरमध्येही द्रवच असतो का?

नाही. त्यात १५० बारच्या आसपास दाबाखाली वायूच असतो. प्रत्येक वायूला एक क्रांतिक तापमान असतं. त्याच्या वर कितीही दाबा, द्रव होत नाही. हे थॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ मध्ये कार्बन डायऑक्साइडवर दाखवलं. प्रोपेनचं क्रांतिक तापमान ९७ अंशांच्या जवळ, म्हणून तो खोलीत दाबाने द्रव होतो. ऑक्सिजनचं उणे ११८ च्या पुढे. त्याला आधी गार करावंच लागतं. २०२१ मध्ये कोविडच्या लाटेत टँकरने आलेला द्रव ऑक्सिजन उणे १८३ अंशांच्या आसपासचा होता. तो १ लिटर उडाला की साधारण ८६० लिटर वायू होतो.

जनावरांच्या दवाखान्यात रेतमात्रा ठेवतात त्या भांड्यातला नायट्रोजन उणे १९६ अंशांचा. त्याचं झाकण सैल असतं म्हणून काहींना ते बिघडल्यासारखं वाटतं. ते सैलच हवं. नायट्रोजन सतत थोडा थोडा उकळत असतो आणि १ लिटरचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. बूच घट्ट बसवलं तर भांडं फुटेल.

११. डांबरगोळ्या आणि कापूर वितळत नाहीत, थेट उडतात. बरोबर?

अर्धं बरोबर. कपाटात ते स्थायूतून थेट वाफ होतात, याला संप्लवन म्हणतात. पण डांबरगोळीतलं नॅफ्थलीन ८० अंशांना वितळतं, कापूर १७५ च्या पुढे. आयोडीनही ११४ च्या आसपास वितळतं, 'ते द्रव होतच नाही' हे विधान चुकीचं आहे.

हवेच्या दाबाला खरोखर द्रव होत नाही तो कोरडा बर्फ, म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड. त्याचा द्रव राहायला किमान ५.२ बार दाब लागतो. आपल्या १ बारमध्ये तो उणे ७८.५ अंशांना सरळ वायू होतो. द्रवासाठी लागणारा हा किमान दाब ज्या ठिकाणी येतो त्याला त्रिक बिंदू म्हणतात, तिथे तिन्ही अवस्था एकत्र नांदतात. पाण्याचा त्रिक बिंदू ०.०१ अंश आणि ०.००६१ बार. २०१९ पर्यंत केल्विन या तापमानाच्या एककाची व्याख्याच त्यावर उभी होती.

१२. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर पारा ४-५ अंश असताना हिमकण कसे पडतात? शून्य नको का?

शून्य हवंच, पण कशाचं? तापमापी जमिनीपासून सव्वा-दीड मीटर वर पेटीत असते आणि हवेचं तापमान सांगते. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री गवत, बोटींच्या फळ्या, मोटारींचे टप आपली उष्णता आकाशाकडे सोडून देतात आणि आसपासच्या हवेपेक्षा कित्येक अंश गार होतात. हवा ४ अंशांवर असताना गवताचं पातं शून्याखाली गेलेलं असू शकतं. थंड हवा जड, ती तलावाकाठच्या आणि लिंगमळ्याच्या सखल भागात साचते. म्हणून तिथेच, बाजारपेठेत नाही.

बातम्यांत 'दवबिंदू गोठले' असं येतं. ते कधी खरं असतं, कधी नाही. हवेतल्या वाफेचा स्वतःचा दाब ०.००६१ बारपेक्षा (प्रश्न ११ मधला आकडा) जास्त असेल तर आधी दव पडतं आणि मग गोठतं, त्याचे गुळगुळीत मणी दिसतात. कमी असेल तर दव पडतच नाही. वाफेचा थेट बर्फ होतो आणि तो सुईसारखा, पिसासारखा वाढतो. पुढच्या वेळी जवळून बघा, ओळखू येतं.

१३. आम्ही विट्याकडचे गलाईवाले, सोनं-चांदी वितळवून शुद्ध करणारे. समुद्रकाठच्या चेन्नईत आणि उंचावरच्या बेंगळुरूत सोनं वेगळ्या तापमानाला वितळतं का?

नाही. दोन्हीकडे १,०६४ अंश. वितळणबिंदू दाबाने बदलतो, पण या दोन शहरांच्या दाबातल्या फरकाने अंशाचा हजारावा भागही हलणार नाही (कारण प्रश्न १ मध्ये). मुशीतलं सोनं लवकर वितळलं तर कस तपासा. तांबं-चांदी मिसळलेलं २२ कॅरेट सोनं बरंच आधी मऊ पडायला लागतं, आणि एका तापमानाला न वितळता टप्प्याटप्प्याने वितळतं.

दाब अफाट असेल तर मात्र चित्र पालटतं. पृथ्वीच्या गाभ्यात ५,००० अंशांहून जास्त तापमान असूनही मधलं लोखंड स्थायू आहे, कारण तिथला दाब हवेच्या ३० लाख पटींहून अधिक आहे.

बहुतेक पदार्थ दाबाखाली घट्ट होतात, बर्फ उलटा. तो पाण्यापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून दाबला की वितळायला बघतो. पण १ अंशाचा फरक पडायला १३० बारच्या आसपास दाब लागतो. बर्फावर घसरणाऱ्याच्या वजनाने बर्फ वितळून पाणी होतं आणि त्यावरून तो घसरतो, हे पुस्तकी स्पष्टीकरण म्हणूनच लंगडं आहे.

१४. आमच्या कार्यालयातलं कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक मे महिन्यात हलवलं तर आत काही हिंदकळत नाही. रिकामं झालं का?

वजन करून बघा, बहुधा भरलेलं निघेल. कार्बन डायऑक्साइडचं क्रांतिक तापमान ३१ अंश आहे. हिवाळ्यात आत खाली द्रव, वर वाफ असते. मे महिन्यात खोली ३८-४० अंशांवर गेली की दोघांमधली सीमाच पुसली जाते. आत असतं ते ना द्रव, ना साधा वायू. पृष्ठभागच नाही, तर हिंदकळणार काय? द्रवासारखी विरघळवण्याची ताकद आणि वायूसारखी शिरकाव करण्याची सवय, दोन्ही या अवस्थेत असतात. म्हणून हळदीसारख्या मसाल्यांचे अर्क काढायला ती वापरतात. पाण्यालाही ही अवस्था आहे, पण त्यासाठी ३७४ अंश आणि २२१ बार गाठावे लागतात.

१५. गार करत गेलं तर शेवटी प्रत्येक पदार्थ गोठतोच ना?

एक सोडून. हेलियम १९०८ मध्ये लायडनला कॅमरलिंग ओनेस यांनी उणे २६९ अंशांना द्रव केला. पुढे ते त्याला आणखी गार करत गेले, तो गोठला नाही. हवेच्या दाबाला हेलियम निरपेक्ष शून्याजवळही, म्हणजे तापमानाच्या सर्वांत खालच्या मर्यादेजवळही, द्रवच राहतो. त्याला गोठवायला २५ बारच्या आसपास दाब द्यावा लागतो, आणि तो देऊन विलेम केसोम यांनी त्याच प्रयोगशाळेत १९२६ मध्ये त्याचा स्थायू करून दाखवला.